विंडोज १० नंतरचा घरचा संगणक : मिंट, उबंटू, डेबियन की फेडोरा?

विंडोज १० साठीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वी घेतलेले असंख्य लॅपटॉप आणि डेस्कटॉप, ज्यांच्या पडद्यात, कीबोर्डात किंवा वेगात नाव ठेवण्यासारखे काही नाही, ते कागदोपत्री एकदम जुने ठरले. मुलांचा अभ्यास, बँकेची कामे, पत्रव्यवहार, यूट्यूब आणि क्वचित एखादी एक्सेलची फाइल एवढ्यासाठीच चालू होणारा असा संगणक लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त प्रणालीवर नेणे हा आता केवळ हौशी मंडळींचा उद्योग राहिलेला नाही. अडचण निवडीची आहे, कारण लिनक्सच्या शेकडो डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी तयार करून दिलेल्या आवृत्त्या, आहेत आणि प्रत्येकीचा कैवार घेणारे लोकही आहेत. या परीक्षणात लिनक्स मिंट, उबंटू, डेबियन आणि फेडोरा या चारच डिस्ट्रोंची रोजच्या वापराच्या दृष्टीने तुलना केली आहे. बाकीच्यांचा उल्लेख लागेल तेवढाच येईल.

या चौघींमध्ये मूळ सामग्री जवळजवळ एकच आहे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. कर्नल (प्रणालीचा गाभा) तोच, लिब्रेऑफिस तेच, फायरफॉक्स आणि व्हीएलसीही तेच. आणि डेस्कटॉपचे, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीचे, रूप तर कोणत्याही डिस्ट्रोत बदलून घेता येते. तरीही यूट्यूबवरची बहुतेक परीक्षणे वॉलपेपर, चिन्हांचे गोलाकार कोपरे आणि खिडक्या उघडतानाच्या हालचाली यांवरच वेळ घालवतात. खरा फरक देखभालीत आहे. अपडेट कोण पाठवतो, किती वेळा पाठवतो, किती वर्षे पाठवणार आहे, आणि त्यातले किती आपल्यावर सोडतो, यावरून एखादी डिस्ट्रो घरात टिकते की सहा महिन्यांत निघते हे ठरते. भाड्याचे घर पाहायला गेल्यावर भिंतींच्या रंगापेक्षा पाणी किती वाजता येते हे विचारणारा माणूस शहाणा ठरतो, तसेच हे आहे.

लिनक्स मिंटपासून सुरुवात करणे योग्य, कारण विंडोजमधून येणाऱ्या माणसाला सर्वांत कमी परके वाटणारे हेच आहे. क्लेमां लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभा आहे. सध्याची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सिनॅमन हा तिचा मुख्य डेस्कटॉप मिंटच्याच चमूने, ग्नोम ३ या दुसऱ्या डेस्कटॉपची नवी मांडणी न पटल्यामुळे, घडवला. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ आणि वाय-फाय अशी त्याची रचना असल्याने विंडोज ७ वर हात बसलेल्या ज्येष्ठ माणसालाही काही समजावून सांगावे लागत नाही. जुन्या यंत्रावर, विशेषतः चार जीबी रॅम असल्यास, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी. मात्र हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कोणताही हलका डेस्कटॉप घेऊन पडत नाही, हे येथेच सांगून ठेवणे बरे.

मिंटची खरी करामत मात्र मेनूत नसून 'अपडेट मॅनेजर' आणि 'टाइमशिफ्ट' या दोन साधनांच्या जोडीत आहे. अपडेट आले की उजव्या कोपऱ्यात एक छोटे ढालीचे चिन्ह दिसते. अपडेट कधी घालायचे हे वापरणारा ठरवतो, संगणक मध्येच स्वतःहून बंद होऊन चालू होत नाही. टाइमशिफ्ट हे प्रणालीच्या फाइलींची जुनी स्थिती जपून ठेवते आणि एखाद्या अपडेटने बिघाड झालाच तर त्या स्थितीला परत नेते. ते आपली कागदपत्रे आणि फोटो सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते, आणि नेमका हाच भाग अनेकांच्या लक्षात येत नाही. इन्स्टॉल करताना 'मल्टिमीडिया कोडेक' (व्हिडिओ आणि आवाजाच्या फाइली उलगडणारे सॉफ्टवेअर) या चौकटीवर खूण केली की मोबाइलवर चित्रित केलेले व्हिडिओ पहिल्या दिवसापासून चालतात. एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड किंवा ब्रॉडकॉमचे वाय-फाय असल्यास 'ड्रायव्हर मॅनेजर' योग्य ड्रायव्हर सुचवतो. एकाच वाय-फायवरच्या दोन संगणकांत फाइली पाठवणारे 'वॉर्पिनेटर' हे छोटेसे साधनही घरात फार उपयोगी पडते.

मिंटच्या उणिवाही आहेत. सिनॅमन अजून मुख्यतः एक्स११ या जुन्या चित्रप्रणालीवरच चालतो. वेलँड या नव्या चित्रप्रणालीचा पर्याय जानेवारी २०२४ च्या २१.३ आवृत्तीपासून आहे, पण प्रायोगिक म्हणून. ज्यांच्याकडे लॅपटॉपचा दाट पडदा आणि त्याला जोडलेला साधा मॉनिटर अशी जोडी आहे, त्यांना दोन्हीकडे अक्षरांचा आकार सारखा ठेवताना त्रास होतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर असून तिची चर्चा फारशी होत नाही. उबंटूचे सॉफ्टवेअर-भांडार 'मेन' आणि 'युनिव्हर्स' अशा मुख्य भागांत विभागलेले आहे. मेनमधल्या पॅकेजांची (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअर-संचांची) पाच वर्षांची सुरक्षा-जबाबदारी उबंटू काढणारी कॅनोनिकल कंपनी घेते. व्हीएलसी, गिम्प यांसारखी लोकप्रिय सॉफ्टवेअर मात्र युनिव्हर्समध्ये येतात आणि तेथील दुरुस्त्या मुख्यतः स्वयंसेवकांवर अवलंबून असतात. उबंटू वापरणाऱ्याला 'उबंटू प्रो' ही योजना घेऊन ही फट बुजवता येते. मिंट वापरणाऱ्याला तो मार्ग सरळ उपलब्ध नाही. ज्यांना ही बाब खटकते त्यांच्यासाठी मिंटचीच, पण थेट डेबियनवर उभी असलेली 'एलएमडीई' ही आवृत्ती आहे. ती दिसायला जुळी बहीण आहे. फक्त ड्रायव्हर मॅनेजरसारख्या काही सोयींत ती थोडी मागे राहते.

उबंटूबद्दल लिहिताना थोडी कृतज्ञता ठेवायला हवी. मार्क शटलवर्थ यांच्या कॅनोनिकलने ऑक्टोबर २००४ मध्ये पहिली आवृत्ती काढली आणि पुढची काही वर्षे, मागेल त्याला, पोस्टाने विनामूल्य सीडी पाठवल्या. इंटरनेट मिनिटांवर मोजून वापरण्याच्या त्या दिवसांत आपल्याकडील कितीतरी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लिनक्स प्रथम पाहिले ते त्या सीडीमुळे. आजही एखादे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघाले की ते उबंटूवर चालवून पाहिलेले असते. एखादी अडचण शोधली की उत्तर उबंटूचे मिळते. दर दोन वर्षांनी, सम सालच्या एप्रिलमध्ये, पाच वर्षांच्या पाठबळाची आवृत्ती येते. वर उल्लेखिलेली 'उबंटू प्रो' योजना वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत विनामूल्य आहे आणि तिच्यामुळे हे पाठबळ दहा वर्षांपर्यंत जाते. एकदा नोंदणी करून विसरून जाणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि चौघींमध्ये ती फक्त उबंटूकडे आहे.

तरीही घरच्या संगणकासाठी उबंटूची शिफारस करताना हात आखडतो तो 'स्नॅप' या कॅनोनिकलच्या स्वतंत्र पॅकेज-पद्धतीमुळे. २२.०४ पासून फायरफॉक्स केवळ स्नॅप स्वरूपात मिळतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, नेहमीची आज्ञा देऊन तो मागवला तरी मागच्या दाराने स्नॅपच येतो. २४.०४ मध्ये थंडरबर्ड हे ईमेलचे सॉफ्टवेअरही त्याच वाटेने गेले. सुरुवातीला हा फायरफॉक्स उघडायला लागणारा वेळ चीड आणणारा होता; तो आता बराच सुधारला आहे, आणि एसएसडी असलेल्या यंत्रावर फरक क्वचितच जाणवतो. आक्षेप वेगापेक्षा स्वभावाचा आहे. स्नॅप पॅकेजे दिवसातून अनेकदा स्वतःहून नवी आवृत्ती तपासतात व घालतात. हे थांबवून धरण्याची सोय आहे, पण ती टर्मिनलमधून करावी लागते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या घरात हे परवडतेच असे नाही. शिवाय स्नॅप स्टोअरमध्ये क्रिप्टो-वॉलेटच्या नावाने खोटी ॲप्स घुसवण्याचे प्रकार २०२३ आणि २०२४ मध्ये उघड झाले. मिंटने २०२० सालीच आपल्या विसाव्या आवृत्तीत स्नॅपला मूळ स्थितीत मज्जाव केला आणि फायरफॉक्स नेहमीच्या पॅकेजच्या रूपातच ठेवला. या एका निर्णयामुळे मिंट हे घरासाठी उबंटूपेक्षा सरस ठरते असे माझे मत आहे.

उबंटूच्या ग्नोम डेस्कटॉपविषयी मात्र तक्रार करावीशी वाटत नाही. डावीकडची उभी पट्टी, वरची बारीक पट्टी आणि सर्व कामे कीबोर्डवरून करण्याची सोय हे लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर उत्तम जमते. ज्याने विंडोज फारसे वापरलेलेच नाही अशा शाळकरी मुलाला ते सिनॅमनपेक्षा लवकर आवडते. अडखळतात ती डेस्कटॉपवर चिन्हांची गर्दी करून ठेवण्याची सवय झालेली माणसे.

डेबियन ही या सर्वांची आई. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही, आणि उबंटू व त्यावर आधारलेल्या मिंटचा पाया तोच आहे. तेरावी आवृत्ती, 'ट्रिक्सी', ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती, तिला तीन वर्षे पूर्ण पाठबळ, त्यानंतर दुसऱ्या चमूकडून आणखी दोन वर्षे, असा हिशोब आहे. मधल्या काळात सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलत नाहीत, फक्त दोष आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. आज जे बटण जेथे आहे ते दोन वर्षांनीही तेथेच सापडेल याची अशी हमी दुसरीकडे क्वचित मिळते. परगावी राहणाऱ्या आईवडिलांसाठी संगणक लावून द्यायचा असेल, तर हा गुण सर्वांत मोठा मानावा लागतो.

पूर्वी डेबियनचे नाव घेतले की वाय-फाय चालणार नाही हे गृहीतच असे, कारण मालकी हक्काचे फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे कंपन्यांचे सॉफ्टवेअर) मूळ इन्स्टॉलरमध्ये नसे. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सभासदांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर सोबतच येऊ लागले. जुन्या लेखांत वाचलेली ती तक्रार आता बाद समजावी. इन्स्टॉलर मात्र अजूनही जरा कडक मास्तरांसारखा आहे. त्यातला एक प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा: रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारला असता तो दिला, तर नेहमीच्या वापरकर्त्याला 'सुडो'चा, म्हणजे प्रशासकाच्या आज्ञा देण्याचा, अधिकार मिळत नाही, आणि पुढे प्रत्येक मार्गदर्शक लेखातली पहिलीच आज्ञा नाकारली जाते. ती जागा रिकामी सोडली की हा घोळ होत नाही. फायरफॉक्स येथे दीर्घ मुदतीच्या 'ईएसआर' स्वरूपात मिळतो. बँकेच्या आणि सरकारी संकेतस्थळांना त्याने काही अडत नाही. नव्या लॅपटॉपसाठी मात्र ट्रिक्सीचा ६.१२ कर्नल काही काळाने जुना पडणार. बाजारात नुकत्याच आलेल्या यंत्रावर डेबियन घालण्याचा हट्ट धरू नये.

तेथे फेडोराचा अधिकार आहे. २००३ पासून रेड हॅटच्या पाठबळावर चालणारी ही डिस्ट्रो दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते, आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने अपडेट मिळतात. वेलँड, पाइपवायर (आवाजाची यंत्रणा), बीटीआरएफएस (डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत) अशा ज्या गोष्टी इतरत्र नंतर मुरल्या त्या येथे आधी आल्या: वेलँड २०१६ मध्ये, बीटीआरएफएस २०२० मध्ये. कर्नलही चालू आवृत्तीच्या मागोमाग येत राहतो, त्यामुळे नव्या लॅपटॉपचे वाय-फाय, टचपॅड आणि झोपेतून जागे होणे येथे बहुधा व्यवस्थित चालते. ग्नोमचे मूळ, फारसे न बदललेले रूप पाहायचे असेल तर तेही येथेच. एप्रिल २०२५ च्या ४२ व्या आवृत्तीपासून केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपलाही ग्नोमच्या बरोबरीचा दर्जा मिळाला आहे, आणि विंडोजसारखी मांडणी पण अधिक आधुनिक रूप हवे असलेल्या जाणत्या माणसाला मी ती आवृत्ती आनंदाने सुचवीन.

घरासाठी ती सुचवताना दोन गोष्टी आड येतात. पहिली कोडेकची. अमेरिकेतील सॉफ्टवेअर पेटंटांच्या कायद्यामुळे फेडोरा काही व्हिडिओ-कोडेक आपल्या भांडारात ठेवत नाही. यूट्यूब चालते, पण लग्नसमारंभात मोबाइलवर एचईव्हीसी स्वरूपात चित्रित झालेली फाइल उघडली की नुसता आवाज येतो किंवा तोही नाही. 'आरपीएम फ्यूजन' हे बाहेरचे भांडार जोडून हे सोडवता येते. जाणकाराला ते दहा मिनिटांचे काम आहे, इतरांना ते कोडे वाटते. दुसरी गोष्ट अपडेटच्या प्रमाणाची. येथे अपडेट सतत आणि भरपूर येतात, आणि वर्षाला किमान एकदा तरी संपूर्ण आवृत्ती बदलावी लागते. ही बदली आजकाल विनासायास होते हे मान्य. पण फायबरची जोडणी नसलेल्या, रोजच्या दीड-दोन जीबीच्या डेटा पॅकवर भागवणाऱ्या घरात ती सोसवत नाही.

उरलेल्यांपैकी ओपनसूझे टम्बलवीड ही सतत अद्ययावत होणारी डिस्ट्रो मनापासून आवडते, कारण प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर ती बीटीआरएफएसच्या साहाय्याने प्रणालीचे चित्र जपते व बूट होतानाच जुन्या चित्रात परत जाता येते. तिचा वापरकर्ता मात्र आठवड्याला मोठी अपडेट झेलायला तयार असला पाहिजे. झोरिन ही आयर्लंडमधील डिस्ट्रो दिसायला सुबक आहे आणि तिची अठरावी आवृत्ती विंडोज १० चे पाठबळ संपले त्याच दिवशी आणण्यात आली. ती मिंटप्रमाणेच उबंटूवर आधारलेली आहे आणि काही अधिक मांडण्यांसाठी पैसे घेते. आर्च लिनक्स शिकण्यासाठी उत्तम आहे, घरच्यांना देण्यासाठी नाही. सी-डॅकच्या पुढाकाराने निघालेली 'बॉस' ही भारतीय डिस्ट्रो डेबियनवरच आधारलेली असून भारतीय भाषांचा पाठिंबा हे तिचे वैशिष्ट्य मानले जाते. पण आज तोच पाठिंबा मूळ डेबियनमध्ये मिळत असल्याने घरगुती वापरासाठी ती मुद्दाम निवडण्याचे कारण उरत नाही.

आता मराठीकडे वळू. इंग्रजी परीक्षणांत हा भाग येणारच नाही, आणि आपल्यासाठी तर निवड यावरही ठरते. मराठी दिसण्याचा प्रश्न चारही डिस्ट्रोंत बहुतांशी सुटलेला आहे. नोटो किंवा लोहित हे फॉन्ट सोबत येतात किंवा सहज घालता येतात. तरी थोडे बारकाईने पाहावे. मराठी वळणाचे ल आणि श हे हिंदीपेक्षा वेगळे असतात, आणि फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असली तरी मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तरच मराठी रूप दिसते. लिब्रेऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा 'मराठी' करून ठेवली की हे काम होते. 'दऱ्याखोऱ्यांतल्या शाळेत नवे ॲप' असे काही लिहून पाहावे. ऱ्य चा चंद्राकृती रफार, ॲ वरची चंद्रकोर आणि मराठी ल-श ही तिन्ही नीट दिसली, तर त्या यंत्रावर मराठी मजकूर निर्धास्तपणे लिहावा.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र डिस्ट्रोंमध्ये खरा फरक आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीवर हात बसलेल्यांसाठी सर्वत्र कीबोर्डच्या यादीतच 'मराठी, सुधारित इनस्क्रिप्ट' हा पर्याय असतो. त्याला वेगळे काही घालावे लागत नाही, पण एका कळीतून एकच वर्ण निघत असल्यामुळे क्ष, ज्ञ, श्र ही जोडाक्षरे तुकड्यांनी लिहावी लागतात. ती एका कळीत हवी असतील, किंवा रोमन अक्षरांतून ध्वनीनुसार मराठी लिहायचे असेल, तर आयबस ही टंकन-यंत्रणा आणि तिचे 'एम१७एन' हे जोड-पॅकेज घ्यावे लागते. ग्नोममध्ये, म्हणजे उबंटू, फेडोरा आणि ग्नोमसह घातलेल्या डेबियनमध्ये, हे सर्व 'कीबोर्ड' या एकाच सेटिंगमध्ये गुंफलेले आहे. पॅकेज घालावे, यादीतून मराठी पद्धत निवडावी आणि विंडोज-कळ व स्पेस दाबून भाषा बदलावी, एवढेच. मिंटच्या २२.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत कीबोर्डची मांडणी एका खिडकीत आणि इनपुट मेथड दुसऱ्या खिडकीत असते. तेथे आयबस निवडून एकदा लॉग आउट करावे लागते आणि मग आयबसची स्वतंत्र सेटिंग उघडून मराठी जोडावे लागते. काम होते, पण ते पहिल्यांदा कुणीतरी करून द्यावे लागते. केडीईत वेलँडवर असाल तर 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या अनपेक्षित नावाखाली आयबस किंवा त्याच प्रकारचे एफसीआयटीएक्स निवडावे लागते, आणि हे ठाऊक नसल्याने मराठी चालतच नाही असा निष्कर्ष अनेक जण काढतात. मराठी लेखन हेच मुख्य काम असलेल्यांनी या कारणासाठी मिंटऐवजी उबंटू किंवा डेबियनचे ग्नोम घेतले तर मी त्यांना अडवणार नाही.

टंकलेखनाच्या परीक्षा दिलेल्या, रेमिंग्टन मांडणीवर बोटे पळणाऱ्या लोकांसाठी एम१७एनच्या यादीत हिंदीच्या नावाखाली रेमिंग्टन मिळतो. श्रीलिपी किंवा आयएसएममधील जुन्या, युनिकोडपूर्व फाइली मात्र येथे अगम्य चिन्हांच्या ओळी म्हणून उघडतात. विंडोज सोडण्यापूर्वीच त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. कार्यालयांतून येणाऱ्या मराठी वर्ड फाइलींत बहुधा मंगल किंवा निर्मला यूआय हा फॉन्ट असतो. ते मायक्रोसॉफ्टचे असल्याने लिनक्ससोबत येत नाहीत, त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो आणि एका पानाचे पत्र सव्वा पानावर जाते. स्वतः पाठवायची कागदपत्रे पीडीएफ करून पाठवणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय. संपूर्ण डेस्कटॉपच मराठीत हवा असेल तर तोही मिळतो. पुण्यातील रेड हॅटच्या भाषांतरकारांनी आणि स्वयंसेवकांनी त्यासाठी पूर्वी बरेच काम केले आहे. पण भाषांतर पूर्ण नाही. एकाच खिडकीत अर्धी बटणे मराठी आणि अर्धी इंग्रजी अशी सरमिसळ दिसते, आणि ती सर्व डिस्ट्रोंत सारखीच आहे.

प्रिंटरच्या बाबतीत डिस्ट्रोपेक्षा प्रिंटरचे वय महत्त्वाचे. वाय-फायवर चालणारे अलीकडचे बहुतेक प्रिंटर ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. एचपीच्या जुन्या यंत्रांसाठी 'एचपीलिप' हे पॅकेज आहे, मात्र लेझरजेट १०२० सारख्या काही मॉडेलांना त्यासोबत एक मालकी हक्काचा प्लगइनही उतरवून घ्यावा लागतो. दुकानादुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा 'कॅप्ट' नावाच्या वेगळ्या पद्धतीने चालतो; त्याचा ड्रायव्हर डिस्ट्रोच्या भांडारात नसतो आणि तो जुळवणे नवख्याचे काम नव्हे. ज्यांचे उत्पन्न त्या प्रिंटरवर अवलंबून आहे त्यांनी आधी प्रिंटरची सोय पाहावी, मग डिस्ट्रोची.

टॅली प्राइम विंडोजसाठीच आहे. वाइन या, लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या, साधनातून ते चालवून दाखवणारे लोक आहेत, पण हिशोबाच्या कामासाठी त्यावर विसंबणे योग्य नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनवर रोज विवरणपत्रे भरणाऱ्या कर-सल्लागारांनीही एक यंत्र विंडोजवर ठेवावे. ३२ बिटच्या फार जुन्या यंत्रांना तर या चौघींपैकी कुणाच्याही चालू आवृत्तीत जागा नाही. डेबियननेही तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यावर नवे इन्स्टॉलेशन करण्याची सोय काढली आहे.

माझी पसंती सांगायची तर विंडोजमधून येणाऱ्या सर्वसाधारण घरासाठी मिंट सिनॅमन. जेथे देखभाल करणारे माणूस वर्षातून एकदाच येते तेथे डेबियन. दोन वर्षांच्या आतला लॅपटॉप आणि चांगले इंटरनेट असेल तर फेडोरा. उबंटू यांपैकी कोणत्याही जागी चालते, पण एकाही जागी ते पहिले येत नाही, अपवाद फक्त दहा वर्षांच्या पाठबळाचा. निर्णय कोणताही असो, आयएसओ फाइल (डिस्ट्रो इन्स्टॉल करण्याची फाइल) अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिची एसएचए२५६ बेरीज (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) ताडून पाहावी. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन उतरवण्याचा दुवाच बदलला गेला होता, त्यामुळे ही केवळ औपचारिकता समजू नये. त्यानंतर पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, प्रणाली चालू करून वाय-फाय, आवाज, पडद्याचा प्रकाश, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणे व उघडल्यावर जागे होणे आणि प्रिंटर एवढे तपासावे. वाय-फायच दिसले नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. चारही डिस्ट्रोंत ते बहुधा लगेच ओळखले जाते, आणि हवा असलेला ड्रायव्हर त्या जोडणीवरून उतरवून घेता येतो.